टायर बदलल्यापासून

माझ्या गॅरेजात आलेली सगळ्यांत उंच मोटारसायकल एका बाईंची होती, आणि बाई होत्या बुटक्या. भिसेगावात रस्त्याच्या कडेला माझं गॅरेज. समोर एक मोठा धोंडा आहे, त्याला टेकवून त्यांनी गाडी उभी केली, धोंड्यावर पाय देऊन खाली उतरल्या आणि हेल्मेट काढता काढता म्हणाल्या, "मेस्त्री, ही गाडी माझीच आहे. कुणाची आणली, पाय पुरतात का, नवरा कुठाय, हे सगळं विचारून झालंय लोकांचं. तुम्ही त्याच्या पुढचं विचारा."

मी त्याच्या पुढचं विचारलं. "काय होतंय गाडीला?"

"टायर गेलेत."

या जगताप मॅडम. जनावरांच्या डॉक्टर. मूळच्या साताऱ्याकडच्या, बदली होऊन कडावच्या बाजूला आलेल्या. दवाखान्याची जीप होती, पण जीप जिथवर जाते तिथवरच जाणार. डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाड्यांवर जायचं तर शेवटचा पल्ला पायी. एका हातात बर्फाचा डबा, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. एक पावसाळा त्यांनी तसा काढला आणि पुण्याच्या कुणा पोराकडून ही जुनी गाडी घेतली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही जात डांबरावरही चालते आणि दगडगोट्यातही. पुढचं चाक मोठं, पोट जमिनीपासून चांगलं वर, पुढचा मडगार्ड चाकाला चिकटलेला नाही तर वर, चोचीसारखा. कंपनीने काही वर्षं ती बनवली, खपली नाही म्हणून बंद केली. त्यामुळे तिचे पार्ट मिळवायचे म्हणजे या गावच्या भंगारवाल्यापासून त्या गावच्या भंगारवाल्यापर्यंत फिरायचं. जुनी गाडी दुरुस्त करायला मला कधी भीती वाटली नाही. पण जिला मागे कंपनी उरली नाही, ती गाडी बिघडली की विचारायचं कुणाला?

टायरचं आधी सांगतो, कारण सगळा घोळ तिथून सुरू झाला.

टायर निवडणं लोकांना सोपं वाटतं. माप बघायचं आणि बसवायचा. पण चालत्या गाडीचा जमिनीशी संबंध येतो तो दोन तळहातांएवढ्या रबराचा. एक तळहात पुढे, एक मागे. त्या तेवढ्याशा रबराने डांबरही धरायचं, मुरूमही धरायचा आणि भातखाचराच्या बांधावरचा चिखलही. साध्या टायरवर बारीक नक्षी असते. डांबरावर तो छान बसतो, पण चिखलात त्या नक्षीत माती भरली की टायर कसला, साबणाची वडीच ती. दुसरा बटण टायर. त्याच्यावर रबराचे मोठमोठे गठ्ठे असतात. ते चिखलात रुततात, माती फेकून देतात आणि गाडी वर चढते. पण तोच टायर पावसात सिमेंटच्या रस्त्यावर आला की गठ्ठ्यांच्या टोकांवर गाडी नाचते. आमच्याकडे आता गावोगाव सिमेंटचे रस्ते झालेत आणि वाड्यांवर जाणारे तसेच राहिलेत. म्हणजे एकाच फेरीत दोन्ही.

शनिवार-रविवारी पळसदरीच्या धरणावर येणारी मंडळी मोठ्या गाड्या घेऊन येतात, त्यांतले काही बटण टायर मागतात. एकाला मी विचारलं, साहेब, चिखलात जाता का? तर म्हणाला, छे, गाडी खराब होते. मग कशाला? तर म्हणे फोटोत चांगला दिसतो. त्याला मी बसवून दिला. त्याचं बरोबरच होतं, त्याला काय हवं ते त्याला माहीत होतं.

मॅडमना काय हवं ते मला ठरवता येईना. त्यांनी आपला रस्ता सांगितला: घरापासून दवाखान्यापर्यंत डांबर, मग गावातलं सिमेंट, मग बैलगाडीची वाट, मग सावरवाडीचा चढ. मी म्हटलं, "मागे बटण, पुढे मधला." मधला म्हणजे गठ्ठे आहेत, पण जवळजवळ. चिखलही थोडा धरतो, सिमेंटही थोडं धरतो.

"म्हणजे दोन्हीकडे थोडी थोडी पडणार," मॅडम म्हणाल्या.

"तसं म्हणा," मी म्हणालो.

पुढच्या चाकाचं माप कर्जतात मिळेना. मी खालापूरला हायवेवरच्या टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, ते माप यायचं बंद झालं, त्याच्या वरचा नंबर बसतो, जरा जाड आणि जरा उंच, पण बसतो. मी टेपने मोजलं, डोळ्याने मोजलं. बसत होता. गाडीला घातला, चाक फिरवून बघितलं, कुठे घासत नव्हता. मॅडम खूश होऊन गेल्या.

पंधरा-वीस दिवसांनी परत आल्या. गाडी धोंड्याला टेकवली, पण खाली उतरल्या नाहीत.

"मेस्त्री, गाडी बंद पडती."

"कुठे?"

"सावरवाडीच्या चढाला. एक वळण आहे, उजव्या हाताला आवळत वर जातंय. बरोबर त्या वळणावर. आधी आचकाही देत नाही. दिवा विझावा तशी विझती."

"मग?"

"मग मी उतरते, ढकलून वळणाच्या पुढं नेते, दम खाते, किक मारते. लगेच चालू. आणि हे टायर बदलल्यापासून सुरू झालंय."

मी हसलो. "मॅडम, टायरचा नि इंजिनाचा काय संबंध?"

"ते मला काय माहीत? तुम्ही मेस्त्री. मी काय झालं ते सांगितलं. जनावर काय खाऊन आजारी पडलं हे मालक सांगतो, का पडलं ते मी शोधते."

गाडी तापून बंद पडते आणि दम खाल्ल्यावर चालू होते, हा आमच्या धंद्यातला ओळखीचा आजार. त्याची कारणंही ठरलेली. पहिलं, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातलं बारीक छिद्र. टाकीतून पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यावी लागते. छिद्र बुजलं की पेट्रोल यायचं थांबतं. बघितलं, तर छिद्र खरंच अर्धवट बुजलेलं. मनात म्हटलं, झालं काम. साफ करून दिलं. मॅडम गेल्या आणि दोन दिवसांत फोन: त्याच वळणावर, तशीच.

मग प्लग बदलला. कार्बोरेटर खोलून पेट्रोलाने धुतला. ठिणगी देणारी कॉइल तापली की दगा देते, ती नेरळच्या एका भंगारवाल्याकडून दुसरी आणून घातली. इंजिनाला ठिणगीची वेळ सांगणारी एक डबी असते, ती एका गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या गाडीची काढून दोन दिवस लावून पाहिली. प्रत्येक वेळी मी गाडी घेऊन पळसदरीपर्यंत जायचो. उलटसुलट, चढावर, उतारावर, मुद्दाम तापवून. एकदाही बंद पडली नाही. मॅडमना द्यायचो आणि सावरवाडीच्या त्या वळणावर ती विझायची.

इतकी वर्षं मी हे काम केलं, पण असं कधी झालं नव्हतं. बिघाड सापडत नाही असं खूपदा होतं. पण बिघाड एकाच जागी राहतो, गाडी तिथे गेली की येतो आणि परतली की जातो, हे काय? मी जेवताना त्याच विचारात असायचो. सुनंदा, माझी बायको, एकदा म्हणाली, "पोळी कंची आन् ताट कंचं ते तरी बघा."

मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या वळणावर देव हाय का?"

होता. मॅडमनीच सांगितलं होतं. एका जांभळीच्या झाडाखाली शेंदूर फासलेला दगड होता.

"मंग नारळ द्यायला सांगा ना बाईंना. एवढे पार्ट बदलले, एक नारळ फोडायला काय होतं?"

मला हसू आलं, पण दुसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन केला. म्हटलं, रागावू नका, पण आमची घरची असं म्हणते. त्या म्हणाल्या, "माझा शिपाई पण हेच म्हणतोय. द्यायला काय हरकत आहे? तसंही तुमच्याकडचं सगळं करून झालंय."

तो शेवटचा शब्द मला लागला. पण त्यांनी नारळ दिला. आणि गाडी वळण चढून गेली. त्यानंतर आठवड्याने पुन्हा गेल्या, पुन्हा चढून गेली. मॅडमनी फोन करून सांगितलं. त्यांच्या आवाजात आनंद होता, पण मला धड आनंद होईना आणि धड दुःखही होईना. गिऱ्हाइकाची गाडी चालली म्हणजे मला बरं वाटायला हवं. पण का चालली? सुनंदाने त्या दिवशी मला काही विचारलं नाही, नुसती एक चांगली खिचडी केली.

तिसऱ्या खेपेला मॅडम लस घेऊन निघाल्या होत्या. पावसाळ्याच्या तोंडावर गुरांना घटसर्पाची लस टोचावी लागते. घटसर्प म्हणजे गळा सुजतो, ताप चढतो, श्वास घरघरतो आणि चांगला धडधाकट बैल एका दिवसात जातो. वळवाच्या सरी पडून गेल्या होत्या, वाट निसरडी झालेली. वळणावर गाडी विझली. मागे डबा, खाली चिकण माती, पाय टेकवायला गेल्या तर पाय जमिनीला पुरेना. गाडी त्यांच्या पायावर आडवी झाली.

वाडीतल्या कुणीतरी त्यांना खाली आणलं. घोटा मुरगळला होता. बर्फ वितळला, लस वाया गेली. वाडीतल्या गुरांना लस टोचायची राहून गेली.

मी भेटायला गेलो तेव्हा त्या पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मेस्त्री, मला एवढंच सांगा, ही गाडी मी विकू का ठेवू?"

विका म्हणावं तर दुसऱ्याच्या गळ्यात आजार घालायचा. ठेवा म्हणावं तर कशाच्या जोरावर? मी म्हणालो, "पुढच्या वेळी वाडीवर जाल तेव्हा मला मागे बसवून न्या. मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या."

पाय बरा व्हायला वेळ लागला. गाडी तोवर माझ्या गॅरेजातच उभी होती. मधल्या काळात जोडीला दुसरे डॉक्टर नव्हते, पावसाने जोर धरला, भाताच्या लावण्या सुरू झाल्या. मॅडम नुकत्या चालायला लागल्या होत्या, तेव्हा एका सकाळी त्यांचा फोन आला. सावरवाडीच्या हिरू ठाकराचा निरोप आलाय, बैलाचा गळा सुजलाय, जोडीतला दुसराही खात नाही. जीप पाण्यामुळे ओढ्याच्या अलीकडेच थांबेल. "गाडी घेऊन या. तुम्हाला बघायचं होतं ना? चला बघायला."

चिखलणीच्या दिवसांत ठाकराचे दोन्ही बैल आजारी म्हणजे काय, हे मला सांगावं लागलं नाही.

मॅडम पुढे, मी मागे, औषधांची पिशवी माझ्या मांडीवर. ओढ्यातून गाडी अशी गेली की मला त्या टायरचा अभिमान वाटला. मागचा बटण टायर माती फेकत होता, पुढचा वाट धरून होता. टायर मी बरोबर निवडले होते, हे मला त्या दिवशी कळलं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. चढ लागला. मी कान इंजिनाला लावून बसलो होतो. आवाज गोल, स्वच्छ. जांभूळ दिसली, शेंदूर दिसला. मॅडमनी उजवीकडे हॅंडल आवळलं आणि गाडी विझली.

मॅडम म्हणाल्या होत्या तशीच, दिवा विझावा तशी.

आम्ही दोघांनी मिळून ती पडू दिली नाही. मी मागच्या चाकाला धोंडा लावला. मॅडमनी माझ्या हातातून पिशवी घेतली. "तुम्ही बघा तुमचं," म्हणाल्या आणि लंगडत लंगडत चढाने वर गेल्या. मागे वळूनही पाहिलं नाही.

पाऊस रिपरिप चालू होता. मी एकटा त्या गाडीशेजारी उभा. किक मारावी, गाडी चालू करावी आणि वर जावं, हेच सरळ होतं. ती चालू झालीच असती. पण मग पुन्हा मला काही कळलं नसतं. म्हणून मी ती होती तशीच राहू दिली. चावी तशीच, हॅंडल तसंच उजवीकडे, तोंड चढाकडे. फक्त पायाने गिअर काढून न्यूट्रल केला.

न्यूट्रलमध्ये मीटरजवळ एक हिरवा दिवा लागतो. तो लागला नव्हता.

चावी चालू, आणि दिवा नाही. म्हणजे पेट्रोल नाही, कार्बोरेटर नाही, कॉइल नाही. वीजच येत नव्हती. मी हॅंडल हळूच सरळ केलं. हिरवा दिवा लागला. पुन्हा उजवीकडे नेलं. विझला. मी तिथे चिखलात गुडघ्यांवर बसलो आणि हेडलाइटच्या मागे हात घातला.

तिथे एक सलाइनची नळी हाताला लागली. गाठ मारलेली.

पुढच्या चाकापासून मीटरपर्यंत एक केबल जाते, वेग दाखवणारी. नवा टायर जाड. मी गॅरेजात चाक फिरवलं तेव्हा तो घासला नव्हता, पण माणूस बसून खड्ड्यात आदळली की केबल टायरच्या गठ्ठ्यांना लागून खडखडायची. मॅडमना तो आवाज नकोसा झाला, हे त्यांच्याकडूनच नंतर कळलं. त्यांनी एका गोठ्याबाहेर, हाताशी होती ती सलाइनची नळी घेऊन केबल वर ओढून बांधली. कशाला बांधली? तिथेच असलेल्या वायरींच्या जुडग्याला. छान घट्ट, डॉक्टरांची गाठ. आणि त्या विसरून गेल्या. कोण लक्षात ठेवेल?

सपाटीवर काही होत नसे. पण चढावर गाडीचा भार मागे जातो, पुढचे शॉकअप लांब होतात, चाक पुढे खाली जातं आणि केबल ताणली जाते. त्यात हॅंडल उजवीकडे पूर्ण आवळलं की ती वायरींना ओढते. त्यातली एक तार आतल्या आत तुटली होती. वरचं आवरण शाबूत, आत तांबं तुटलेलं. ओढलं की सुटायचं, सोडलं की टेकायचं. असा चढ आणि असं उजवं वळण माझ्या पळसदरीच्या रस्त्याला नाही. गॅरेजात गाडी साइड स्टँडवर उभी, पुढचा भाग दबलेला, हॅंडल कितीही फिरवा. आणि हेडलाइटच्या मागची ती नळी मी प्रत्येक वेळी पाहिलेली होती. कुणीतरी नीट बांधलंय असंच मला वाटलं होतं.

म्हणजे मॅडम पहिल्या दिवसापासून जे सांगत होत्या तेच खरं. टायर बदलल्यापासून.

नारळानंतर दोनदा गाडी कशी चढली, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तुटक्या तारेचा भरवसा नसतो, कधी टेकून राहते. असं मी लोकांना सांगतो. सुनंदाला सांगत नाही.

मी सुरीने नळी कापली, वायरीचं आवरण सोलून तार पिळून जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली. हॅंडल कुठेही नेलं तरी हिरवा दिवा लागलेला. किक मारली आणि त्या उंच गाडीवर धोंड्यावरून चढलो. मी मॅडमपेक्षा फार उंच नाही. वळण चढून, चिखल उडवत, मी थेट हिरूच्या अंगणात गेलो. गाडी भिंतीला लावली आणि ओरडलो, "सापडलं!"

कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

एक बैल जमिनीवर पडला होता, मान लांब केलेली, श्वासाची करवत चाललेली. मॅडम त्याच्या मानेशी गुडघ्यांवर बसून शिरेत सुई देत होत्या. दुसरा उभा होता, पण डोळे उतरलेले, तोंडातून लाळ. हिरू पडलेल्याचं डोकं धरून होता. त्याची बायको दारात उभी होती.

"मेस्त्री, त्या उभ्याची वेसण धरा," मॅडम म्हणाल्या.

मी आयुष्यात बैलाची वेसण धरली नव्हती. धरली. त्याचं अंग तापलेल्या सायलेन्सरसारखं लागत होतं. मॅडमनी त्याला इंजेक्शन दिलं, तो हलला, मी जवळजवळ त्याच्या पायाखाली गेलो. मग आम्ही थांबलो. थांबण्याशिवाय काही करायचं नव्हतं. हिरूच्या बायकोने कोरा चहा दिला. दुपार कलायच्या आत पडलेला बैल गेला. श्वासाचा आवाज थांबला तेव्हाच आम्हाला कळलं.

उभा होता तो उभाच राहिला. संध्याकाळच्या सुमारास त्याने हिरूच्या हातातून थोडं गवत ओढलं.

मी मॅडमना विचारलं, "असं का? दोघांना एकच औषध."

"एकाला आधी लागण झाली असेल. किंवा हा मुळात दणकट असेल. किंवा..." त्यांनी हात धुतले. "मला नाही माहीत, मेस्त्री. लस टोचली असती तर बहुतेक दोघंही उभे राहिले असते. त्या दिवशी मी पडले नसते, गाडी चालली असती, तर."

त्या माझ्यावर दोष टाकत नव्हत्या. त्या स्वतःशीच बोलत होत्या. पण मी तिथेच उभा होतो. कॉइल बदलत, कार्बोरेटर धुवत मी घालवलेले ते सगळे दिवस माझ्या डोळ्यांसमोर आले. नळी पाहून पुढे गेलेला प्रत्येक दिवस.

हिरू मेलेल्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता. तो वर न बघता म्हणाला, "त्या रोजी बैल घरी कुठं व्हते, बाय? वर रानात व्हते. तू आली असती तरी गावले नसते."

मॅडमनी मान हलवली. पण मी त्याच्या बायकोकडे बघत होतो. तिने चटकन नवऱ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि पदर सारखा करून आत गेली.

खाली येताना वळणावर गाडी नीट उतरली. मॅडमनी विचारलं, "काय सापडलं म्हणालात मघाशी?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझीच गाठ." मी म्हटलं, टायर माझा, गाठ तुमची, माप बंद करणारा तिसराच, आणि तार तर तशीच जुनी झालेली. त्या म्हणाल्या, "असं वाटून घेतलं तर कुणाच्याच वाट्याला काही येत नाही."

गाडीचं काम मी नंतर नीट केलं. वायर नवी टाकली. केबल घासू नये म्हणून लोखंडी पट्टीचा एक हुक करून तिला बाहेरून वळवून घेतलं. टायर तेच ठेवले. मॅडमनी गाडी विकली नाही. पुढे बदली झाली तेव्हा तिच्यावरूनच साताऱ्याला गेल्या. आता गॅरेज माझा पुतण्या बघतो. अवघड गाडी आली की तो मला बोलावतो, आणि मी आधी गिऱ्हाइकाला विचारतो, कधीपासून? काय बदलल्यापासून? उत्तर कितीही वेडं असलं तरी हसत नाही.

पण मला जे सांगायचं होतं ते गाडीचं नाही.

त्याच पावसाळ्याच्या शेवटच्या लावणीला मी मॅडमबरोबर पुन्हा सावरवाडीला गेलो. उरलेल्या गुरांना लस टोचायची होती. गाडी वळण सहज चढली. मॅडम गोठ्यांत फिरत होत्या, मी खाचराच्या बांधावर गेलो. हिरू चिखलणी करत होता. वाचलेला बैल एका बाजूला, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याकडून मागून आणलेला. जोडी जमत नव्हती. मागून आणलेला पुढे ओढायचा, हिरूचा मागे राहायचा.

मी बांधावर उभा राहून म्हटलं, "हिरू, एक इचारू का रं?"

"इचारा की, मेस्त्रीदादा."

"बैल त्या दिशी खरंच रानात व्हते?"

"कंच्या दिशी?"

"लशीच्या. मॅडम पडल्या त्या दिशी."

त्याने बैल थांबवले. चिखल पोटऱ्यांपर्यंत. पावसाचं पाणी त्याच्या कपाळावरून उतरत होतं, ते त्याने हाताने निपटलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, बराच वेळ. मला वाटलं, तो आठवतोय. मग वाटलं, आठवत नाहीये, मला जोखतोय.

"तुमाला काय वाटतं?" त्याने विचारलं.

"मला काय कळंना, म्हणून तर इचारतो. झोप नाय लागत."

"अस्सं," हिरू म्हणाला. त्याने कासरा हातात गुंडाळला, आपल्या बैलाच्या पाठीवर थाप मारली.

"मंग व्हते रानात," तो म्हणाला, आणि त्याने बैल हाकले.